माणूस लिस्बनात, ऑफिस फोंड्यात: परदेशातल्या कर्मचाऱ्याला पगार द्यायचा कसा

आमच्या फोंड्यातल्या ऑफिसात आठ माणसं. त्यातली एक डिझायनर एके दिवशी चहाच्या वेळी म्हणाली, "सर, पासपोर्ट आला. चवथ झाली की लिस्बनला जाते. पण काम सोडायचं नाही मला. तिथून केलं तर चालेल ना?"

गोव्यात ह्यात नवल काही नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, आणि तो करणारी माणसं गावोगाव आहेत. मी लगेच हो म्हटलं. लॅपटॉप तोच, इंटरनेट तिकडचं आपल्यापेक्षा बरं, मग अडचण कसली? दोन महिने पगार तिच्या इथल्याच सेव्हिंग खात्यात नेहमीसारखा टाकला. तिसऱ्या महिन्यात आमच्या सीएनी सहज विचारलं, "ती बसते कुठं काम करायला?" म्हटलं, लिस्बनला. "मग हा पगार कुठल्या देशाचा?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे चार महिने त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेले. ज्यांच्या ऑफिसातलं कुणी उद्या असंच चहाच्या वेळी विचारणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण पोर्तुगालचं घेतलंय, कारण आपल्याकडे तेच जास्त लागतं. देश दुसरा असला तरी पायऱ्या ह्याच, आकडे तेवढे बदलतात.

पैसे पाठवायच्या आधी

आपल्याला वाटतं हे बँकेचं काम आहे. बँक अगदी शेवटी येते. पगारावरचा कर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, रजा, कामावरून काढण्याचे नियम हे सगळं साधारणपणे माणूस प्रत्यक्ष बसून काम करतो त्या देशाचं लागतं. कंपनी कुठं नोंदवलेली आहे, पगार कुठल्या खात्यात पडतो, ह्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी कागदावर तीन गोष्टी लिहून काढा.

एक, त्या माणसाला तिथं काम करायचा हक्क आहे का? पोर्तुगीज नागरिक असेल तर प्रश्नच नाही. भारतीय पासपोर्टवर जात असेल तर पर्यटक व्हिसावर बसून काम करणं चालत नाही. परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना पोर्तुगाल २०२२च्या ऑक्टोबरपासून वेगळा व्हिसा देतं, त्याला डी-८ म्हणतात. पण त्यासाठी उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागतं. २०२६चं किमान वेतन महिना ९२० युरो, म्हणजे ३,६८० युरो दाखवावे लागतात. गोव्यातल्या छोट्या कंपनीच्या पगारात हे बसणं अवघडच.

दोन, तो तिथं किती दिवस राहणार? तीन आठवडे मावशीकडे राहून काम करणं वेगळं आणि बिऱ्हाड हलवणं वेगळं. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिला, किंवा कायमचं घर केलं, की पोर्तुगाल त्याला आपला कर-रहिवासी मानतं. आपल्याकडे आर्थिक वर्षात १८२ दिवसांचा हिशेब असतो. ज्या वर्षात माणूस हलतो त्या वर्षी दोन्हीकडचे दिवस मोजायला लागतात. बोर्डिंग पासचे फोटो काढून ठेवायला सांगा. हसू नका, आमच्याकडे तेच उपयोगी पडले.

तीन, त्याला तुम्ही पाठवताय की तो स्वतःहून जातोय? हा फरक मोठा आहे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७पासून लागू आहे. कंपनीनं आपला माणूस ठरावीक मुदतीसाठी तिकडे पाठवला, तर ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या कार्यालयाकडून, कव्हरेज सर्टिफिकेट काढून त्याचा पीएफ इथंच चालू ठेवता येतो आणि तिथली वर्गणी वाचते. आमची डिझायनर आपल्या मर्जीनं, कायमची गेली होती. तिला हा करार लागू होत नव्हता. 'पाठवल्याचं पत्र देऊन टाका ना,' असा सल्ला एका मित्रानं दिला होता. खोटं पत्र ते खोटंच, त्या वाटेला गेलो नाही.

नोकर म्हणायचं की कंत्राटदार?

इथं सगळेच घसरतात. सगळ्यात सोपं काय? तिला सांगायचं, तू आता फ्रीलान्सर, महिन्याला बिल पाठव. पोर्तुगालात अशा स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या पावत्यांना 'रेसिबुश व्हेर्दश', म्हणजे हिरव्या पावत्या म्हणतात. ती कर कार्यालयात नोंदणी करते, आपली वर्गणी आपण भरते, आपल्याला नुसतं बिल चुकतं करायचं. ऐकायला छान.

पण तिथल्या श्रमसंहितेचं १२वं कलम नावाला भुलत नाही. कामाची जागा तुम्ही ठरवता का, साधनं तुमची आहेत का, येण्या-जाण्याची वेळ तुम्ही बांधून दिली आहे का, ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीनं देता का, असे प्रश्न ते विचारतं. त्यातल्या काहींना 'हो' आलं, की ही नोकरीच आहे असं गृहीत धरलं जातं, आणि नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. आमचं पाहा: लॅपटॉप आमचा, हजेरी आमची, दर महिन्याला तीच रक्कम, दुसरं गिऱ्हाईक एकही नाही. कुठल्या तोंडानं तिला फ्रीलान्सर म्हणणार? उद्या तिच्याशी बिनसलं, किंवा तिनं बाळंतपणाची रजा मागितली, की मागच्या सगळ्या महिन्यांची वर्गणी दंडासकट दारात येईल.

माणूस खरोखरच चार जणांची कामं करत असेल, वेळ त्याची, साधनं त्याची, तर कंत्राट अगदी योग्य आहे. तेव्हा तीन गोष्टी सांभाळा.

पहिली जीएसटीची. परदेशातून घेतलेली सेवा ही आयात धरली जाते. तिच्यावर रिव्हर्स चार्जनं आयजीएसटी आपण भरायचा, साधारणपणे १८ टक्के. आपली उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असली तरी रिव्हर्स चार्जपायी नोंदणी करावी लागते, हे कित्येकांच्या गावी नसतं. नोकरानं मालकाला दिलेली सेवा मात्र जीएसटीच्या बाहेर आहे.

दुसरी टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराची, आणि ती उलट्या बाजूनं चावते. अनिवासी नोकरानं परदेशात बसून केलेल्या कामाचा पगार त्याला परदेशात मिळत असेल, तर भारतात त्याच्यावर कर लागत नाही. तांत्रिक सेवेचं शुल्क मात्र, काम पूर्ण परदेशात झालं तरी, सेवा आपण इथल्या धंद्यासाठी वापरतो म्हणून भारतात उगवलेलं मानलं जाऊ शकतं. त्याचा देशी दर २० टक्के, वर अधिभार आणि उपकर. दोन देशांतल्या कर-कराराखाली सवलत मिळू शकते, पण त्याला तिथल्या कर खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र आणि फॉर्म १० एफ हवा. हे कागद पहिल्या बिलाआधी मागा, नंतर माणूस फोन उचलत नाही.

तिसरी गोष्ट हक्काची. नोकरानं नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट आपल्या कायद्यानं मालकाकडे येतो. कंत्राटदाराकडून तो लेखी लिहून घ्यायला लागतो. आणि लिहून घेताना मुदत व प्रदेश घातला नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार ते हस्तांतर फक्त पाच वर्षांपुरतं आणि भारतापुरतंच धरलं जातं. गिऱ्हाईक जर्मनीतलं असेल तर ह्याचा अर्थ काय होतो, तुम्हीच बघा.

नोकरच असेल तर वाटा तीन

तिथं कंपनी काढणं ही पहिली. एका माणसासाठी हे म्हणजे पाव आणायला बेकरी विकत घेण्यासारखं. शिवाय भारतातून परदेशी कंपनीत भांडवल घालायला २०२२चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम लागतात, बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेसाठी कामगिरीचा अहवाल द्यायचा. पाच-दहा माणसं तिकडे झाली तर विचार करा.

दुसरी, आपल्या भारतीय कंपनीचीच तिथं फक्त मालक म्हणून नोंदणी करणं. पोर्तुगालात हे करता येतं. कंपनीला तिथला कर क्रमांक काढायचा, सामाजिक सुरक्षा खात्यात नोंद करायची, आपण युरोपियन संघाबाहेरचे म्हणून स्थानिक कर-प्रतिनिधी नेमायचा, आणि दर महिन्याची विवरणं भरायला तिथला प्रमाणित हिशेबनीस ठेवायचा. त्याला तिकडे 'कोन्ताबिलिश्ता' म्हणतात. भारतातून जाणाऱ्या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का लागतो. दोन्ही देश हेग करारात असल्यानं दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही, त्यामुळे त्यासाठी आल्तिन्याच्या पोर्तुगीज वकिलातीत चकरा मारू नका. मी दोन मारल्या.

तिसरी वाट म्हणजे 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड', ईओआर. ही कंपनी तिथं कागदावरची मालक होते. करार तिच्याशी, पगारपत्रक ती काढते, कर आणि वर्गणी ती भरते, काम मात्र माणूस तुमचं करतो. तुम्हाला महिन्याला एक बिल येतं: पगार, वर्गणी आणि माणशी काही शे डॉलरची फी. डील, रिमोट अशी नावं ह्या धंद्यात मोठी आहेत. विचारायचे प्रश्न असे: पोर्तुगालात तुमची स्वतःची कंपनी आहे की कुणा भागीदारामार्फत करता? दुसऱ्यासाठी माणूस ठेवायला तिथल्या कायद्यानं लागणारी परवानगी कुणाच्या नावावर आहे? अनामत किती? माणूस सोडून गेला तर हिशेब कसा? आणि ईओआरचं बिल हीसुद्धा आयात सेवाच, म्हणजे रिव्हर्स चार्ज आला. तो क्रेडिटमध्ये, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळू शकतो, तरी रोख रक्कम आधी खिशातून जाते.

आम्ही पहिलं वर्ष ईओआर घेतला, मग स्वतःची नोंदणी केली. नवख्याला मी हाच क्रम सांगेन. पहिल्या वर्षी तिथला कायदा आपल्याला कळत नसतो, आणि न कळण्याची किंमत फीपेक्षा जास्त असते. नोंदणीला वेळही लागतो, तोवर माणसाला बिनपगारी कसं ठेवणार?

पंधराशे म्हणजे किती?

आता आकडा. समजा महिना १,५०० युरो ठरले. आपण बारानं गुणतो: १८,०००. चूक. पोर्तुगालात वर्षाला चौदा पगार असतात. बारा महिन्यांचे बारा, एक सुट्टीचा, एक नाताळचा. म्हणजे २१,०००. त्यावर मालकाची सामाजिक सुरक्षेची वर्गणी २३.७५ टक्के, म्हणजे ४,९८७ युरो ५० सेंट. बेरीज २५,९८७ युरो ५० सेंट, महिन्याला सरासरी २,१६५च्या वर. ह्याशिवाय कामावरच्या अपघाताचा विमा सक्तीचा आहे, तो मालकानंच काढायचा. घरातून काम करण्यामुळे वाढलेला खर्चही कायद्यानं मालकाकडे येतो.

कर्मचाऱ्याच्या बाजूनं ११ टक्के वर्गणी आणि आयकर कापून हातात रक्कम पडते. म्हणून बोलणी करताना 'हातात किती' ह्यावर कधीच हो म्हणू नका. कपातीपूर्वीचा वार्षिक आकडा बोला, आणि तो चौदा पगारांचा की बारांचा हे त्याच वाक्यात सांगा. आमच्या डिझायनरनं रुपयांतला जुना पगार युरोत करून मागितला होता. तो आकडा तिथल्या किमान वेतनाच्याही खाली जात होता. इथं तो चांगला पगार होता, तिथं बेकायदा.

करार

करार युरोत करा. पोर्तुगीजमध्ये किंवा दोन भाषांत शेजारी-शेजारी, आणि तिथल्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. आपल्या नेमणूकपत्रातला 'कोणतंही कारण न देता एक महिन्याच्या नोटिशीवर' हा परिच्छेद तिथं रद्दीत जातो. परिवीक्षेचा काळ संपला की कारणाशिवाय माणूस काढता येत नाही. तो काळ साधारण ९० दिवसांचा, अवघड वा जबाबदारीच्या कामाला १८० दिवसांचा. वर्षाला २२ कामाचे दिवस भरपगारी रजा, सक्तीच्या सार्वजनिक सुट्ट्या १३. चवथीची सुट्टी त्यात नाही, ती तुम्ही द्याल तर तुमचा मोठेपणा.

वेळेचं तर खास लिहायला हवं. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. आपली सकाळी दहाची मीटिंग म्हणजे तिची पहाटे साडेचारची. २०२२पासून तिथल्या कायद्यानं मालकानं विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याला संपर्क करायचा नाही, अपवाद फक्त अटळ प्रसंगाचा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी नऊपासून 'गुड मॉर्निंग टीम' चालायचं. ते बंद केलं, कुणाचंच काही अडलं नाही.

आता बँक

खात्याचा तपशील मागताना पूर्ण आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक घ्या. पोर्तुगालचा २५ अक्षरांचा असतो आणि 'पीटी'नं सुरू होतो. परदेशी व्यवहार करणाऱ्या शाखेत जा. फोंड्यातल्या आमच्या शाखेत कुणालाच माहीत नव्हतं, शेवटी पणजीला जावं लागलं. बँकेला लागतं ते: करार, पगारपत्रक, ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि आयकराचा १५ सीए (पाठवलेल्या रकमेची आयकर खात्याला माहिती). पाठवण्याचं कारण सांगणारा कोडही लागतो. कर्मचाऱ्याच्या मोबदल्याचा कोड एस १४०१. 'सॉफ्टवेअर सेवा' म्हणून भरू नका. करार नोकरीचा आणि कोड सेवेचा, असं झालं की दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच.

रक्कम भारतात करपात्र नसेल तर १५ सीएचा शेवटचा, 'ड' भाग पुरतो. करपात्र असेल आणि वर्षात पाच लाखांच्या वर जात असेल तर सीएचं १५ सीबी प्रमाणपत्र लागतं. प्रत्यक्षात काउंटरवर दर वेळी १५ सीबी मागितलं जातं. वाद घालून महिना घालवण्यापेक्षा आम्ही एकदा सीएचं सविस्तर पत्र फाइलला लावलं, त्यावर भागलं. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदललेत, तेव्हा भरताना चालू क्रमांक सीएंना विचारूनच घाला. बँकेत अजून जुनीच नावं चालतात.

शुल्काचा पर्याय निवडताना 'सगळा खर्च पाठवणाऱ्याचा' हा घ्या. नाहीतर वाटेतली बँक वीस-तीस युरो कापते आणि पगार करारापेक्षा कमी पोचतो. तिथल्या खात्यात जायची वर्गणी आणि कपात केलेला कर भारतातून थेट भरणं जिकिरीचं आहे. आम्ही ती रक्कम हिशेबनिसाकडे पाठवतो आणि भरल्याची पावती आल्याशिवाय पुढचा महिना सोडत नाही.

आता तीन 'सोपे' उपाय, जे तुम्हाला हमखास सुचवले जातील.

'तिच्या इथल्याच खात्यात टाका.' मी केलं तेच. अनिवासी झाल्यावर साधं सेव्हिंग खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासीच्या इथल्या रुपयांच्या खात्यात बदलायला हवं. शिवाय पगार भारतात मिळाला म्हणून भारतात करपात्र ठरतो, आणि काम तिथं केलं म्हणून पोर्तुगालही कर मागतं. वर तिथली वर्गणी शून्य. कुणी म्हणेल, शिपीवरच्या, म्हणजे जहाजावरच्या पोरांचा पगार तर इथल्या एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासीच्या खात्यात) येतो आणि करही नाही! ती सवलत आयकर खात्याच्या २०१७च्या परिपत्रक १३नं अनिवासी तारवटींना (खलाशांना), परदेशी फेरीच्या जहाजावरच्या कामासाठी दिलेली आहे. लिस्बनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला ती लागू नाही.

'मालकाच्या वैयक्तिक खात्यातून पाठवा.' व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवण्याची जी सोय आहे, ती कंपनीचे पगार भागवायला नव्हे. खर्च कंपनीच्या वहीत धरता येत नाही ते वेगळंच.

'माझा भाऊ तिकडे तिला युरो देईल, तुम्ही इथं मला रुपये द्या.' हे गोव्यात इतक्या सहज बोललं जातं की ते हवाला आहे हे लक्षातही येत नाही. फेमाचं, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं सरळ उल्लंघन. चहा पाजून वाटेला लावा.

कंपनीचाच कर तिकडे लागेल का?

डिझाइन करणारी, हिशेब लिहिणारी, कोड लिहिणारी माणसं सहसा ही भानगड आणत नाहीत. पण तिकडचा माणूस गिऱ्हाइकांशी तुमच्या वतीनं नेहमी करार ठरवत असेल, तर त्याच्यामुळे तुमच्या कंपनीचं तिथं कायम ठाणं झालं असं मानून नफ्यावर कर मागितला जाऊ शकतो. विक्रीच्या माणसाला तिकडे ठेवायचं असेल तर सही फोंड्यातूनच होऊ द्या, आणि खरोखर होऊ द्या, रबरी शिक्क्यासारखी नको.

ब्रिटनमधल्या स्विंडनवाल्यांसाठी आणि दुबईवाल्यांसाठी दोन शब्द

ब्रिटनमध्ये मालकाचं तिथं काहीच ठिकाण नसेल, तर पगारातून कर कापायची पद्धत मालकावर येत नाही. कर्मचारी स्वतःच थेट भरणा योजनेत नोंद करून कर आणि नॅशनल इन्शुरन्स भरतो. म्हणून करारात ही जबाबदारी स्पष्ट लिहा. अमिरातीत पगारावर आयकर नाही, पण राहण्याचा परवाना बहुतेक वेळा कुठल्या तरी तिथल्या मालकाशी बांधलेला असतो. भावाच्या कंपनीच्या व्हिसावर राहून तुमचं काम करणं बेकायदा ठरू शकतं. दुबईचा दूरस्थ कामाचा व्हिसा घ्यायचा तर महिना ३,५०० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं.

एवढं झालं की भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखा लिहा. दर महिन्याची २० तारीख: पगारपत्रक तपासून बँकेत कागद द्यायचे, कारण पैसे पोचायला दोन-चार दिवस जातात. उन्हाळी रजेच्या आधी: सुट्टीचा पगार. आणि १५ डिसेंबर: नाताळचा पगार ह्या तारखेपर्यंत मिळायलाच हवा. पहिल्या वर्षी ईओआरचं ते बिल नोव्हेंबरअखेर आलं, तेव्हा मला वाटलं चुकून दोनदा पाठवलंय, आणि मी रागानं फोन लावला होता.